साधनाबाई, पोरीला नाव पाहिजे

भरवेली, जि. बालाघाट
१२ नोव्हेंबर १९६४

साधनाबाई,

जयभीम. तुमच्या भावाने तुम्हाला कार्ड टाकलं होतं, असं ते म्हणतात. टाकलं नसेल तर आता माझ्याकडून ऐका. तुम्हाला भाची झाली. ऑगस्टात झाली. तब्येत चांगली, आवाज खाणीच्या भोंग्यासारखा. आणि पोरीला अजून नाव नाही.

काहून नाही? कारण नाव ठेवायचं आत्याने, आणि आत्या तुमसरला बसली आहे रुसून.

मला माफ करा, राग आला की माझं लिहिणं सुटतं. गोंदियाच्या शाळेत सातवीपर्यंत शुद्ध लिहायला शिकले, पण तुमच्या घरात तीन वर्षं काढल्यावर तेवढं शुद्ध कोण राहणार?

तुमचं आणि आईंचं भांडण मला पाठ आहे. माझ्याच लग्नात झालं ते. भर मांडवात, माझ्या माहेरच्या माणसांसमोर आईंनी हाक मारली, "कचरे, हयद आन वं!" आणि तुम्ही हळदीचं ताट खाली ठेवलं. दीक्षेच्या वर्षीच तुम्ही साधना झाला होतात, शाळेत मास्तरीण झाला होतात, सगळं जग साधना म्हणत होतं. तुम्ही म्हणालात, "माय, जवापर्यंत मले माह्या नावानं बलावशीन नाई, तवापर्यंत तुह्या दारात पाय ठेवनार नाई." पंगत बसायच्या आधी निघून गेलात. मी मुंडावळ्या बांधून बघत होते. तुमची चूक होती असं मी म्हणत नाही. पण त्या भांडणात माझी पोर काय करते आहे?

आता खरं कारण सांगते. आई पोरीला "फेका" म्हणायला लागल्या आहेत. फेका म्हणजे फेकलेली. मी विचारलं, "आई, हे काय नाव झालं?" तर म्हणाल्या, "फेकलेल्या वस्तूले कोन उचलून नेते? राहू दे फेका." सगळी कॉलनी आता फेका म्हणते. दूधवाला म्हणतो, "फेका सो गयी क्या?"

तुमच्या भावाला सांगितलं, तर खाणीच्या टाइम ऑफिसातून आलेला माणूस पाय धुता धुता म्हणतो, "तुमी दोघी ठरवा. मले दोन्ही नावं चालतात." दोन्ही कोणती? एकच तर आहे, तेही फेका.

तर बाई, तुम्ही या आणि पोरीला नाव द्या. कॉलनीत दुसऱ्या कोणाचं नसेल असं द्या. इथे "शीला" म्हणून हाक मारली की साऱ्या चाळीची दारं उघडतात. पण रोज वापरता येईल असंही हवं. ळ अजिबात नको, इथल्या हिंदीच्या गुरुजींना तो लिहिताही येत नाही न् बोलताही येत नाही. मागच्या चाळीतल्या बकुळाचं त्यांनी बकुला केलं आणि पोरं तिला बगुला म्हणतात. ती बिचारी एका पायावर उभी राहिली की सगळे हसतात.

लवकर या.

तुमची भावजय,
सरिता


भरवेली
४ डिसेंबर १९६४

साधनाबाई,

पाकीट मिळालं. म्हणजे तुम्ही येत नाही, नुसती नावं पाठवता. बरं, आलेल्या नावांचं काय झालं ते सांगते.

प्रज्ञा. सुंदर नाव. पण मी म्हणते प्रद्न्या, गुरुजी म्हणतील प्रग्या, आणि तुमच्या आईंना म्हणायला लावलं तर त्या म्हणाल्या "पग्गा". एका पोरीने किती नावांना ओ द्यायची?

खेमा. तुम्ही लिहिलंत की पालीत याचा अर्थ सुरक्षित. असेल. पण हिंदीत खेमा म्हणजे तंबू. ट्रकवाला हिरालाल अंगणात बसला होता, तो हसून हसून लोळायचा राहिला. "भाभी, बिटिया का नाम तम्बू?"

उत्पलवर्णा. हे मी मोठ्याने वाचलं, तर आई आतून विचारतात, "कोन उपडं पडलं?"

पटाचारा. बाई, ही गोष्ट मला माहीत आहे. तिची दोन्ही लेकरं गेली होती. ते आठवून पाठवलंत की नुसतं पुस्तक उघडून? माझ्या घरात असं नाव पाठवताना हात कसा थांबला नाही तुमचा? जाऊ द्या. त्यात "चारा" आहे, पोरं तिच्यापुढे गवत टाकतील, एवढंच कारण धरा.

नाव काय पुस्तकातून तोडून पाठवायचं असतं? माणसाला यावं लागतं, लेकराचं तोंड बघावं लागतं.

आता दुसरं. हे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण कोणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल. परवा मी बाजारातून आले, तर पाळणा रिकामा. आई घरात नाहीत. मागच्या दाराने आवाज आला म्हणून गेले. चाळीमागे शेणाचा उकिरडा आहे ना, त्यावर सूप ठेवलेलं आणि सुपात माझी पोर. आई बाजूला तोंड फिरवून उभ्या. शेजारच्या विमलाबाईंनी तिला उचललं आणि म्हणाल्या, "मले उकिरड्यावर पोरगी सापडली वं! कोनाले पाहिजे का?" आणि तुमच्या आईंनी मूठभर तांदूळ देऊन माझ्या पोटची पोर विकत घेतली.

मी काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही. विमलाबाई सूप टाकून पळाल्या. मी म्हटलं, "आई, दीक्षा घेतली ना आपण? घरात बुद्धाचा फोटो आहे ना? हे काय चाललंय?"

त्या म्हणाल्या, "फोटो आहे तं आहे. म्या त्यालेबी हात जोडते. पोरीच्या जिवाले म्या काहीबी करीन."

मी पोर घेऊन खोलीची कडी लावली. त्या दिवशी आम्ही दोघींनी चुली वेगवेगळ्या पेटवल्या. तुमचे भाऊ दोन्हीकडे जेवले.

तुमच्या वेळी असंच केलं होतं का त्यांनी? कचरा नाव तिथूनच आलं का? मी विचारलं तर त्या उत्तर देत नाहीत. तुम्हाला तरी कधी सांगितलं का?

सरिता


भरवेली
३० डिसेंबर १९६४

साधनाबाई,

तुमची आई मागच्या मंगळवारी तुमच्या गल्लीत होती. तुम्हाला ठाऊक आहे का? नसणार.

इथे मला सांगून गेल्या की कटंगीच्या बाजाराला जाते, फकिराकाका सोबत आहेत. फकिराकाका म्हणजे आमच्या बाजूच्या खोलीतले, खाणीतून रिटायर झालेले. त्यांना तुमसरला त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं. रात्री दोघं परत आले. आईंच्या पिशवीत बाजाराचं काही नाही. हातपाय न धुता पोरीला मांडीवर घेऊन बसल्या. मी विचारलं, बाजार काय झाला? तर म्हणाल्या, "भाजी महाग होती." मग मी फकिराकाकांना गाठलं. आधी ते टाळत होते, चहा दिल्यावर बोलले.

कटंगीला बस थांबली तरी आई उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "चाल, म्याबी तुमसरले येते." तुमच्या वस्तीत गेल्यावर ज्याला त्याला विचारत सुटल्या, "कचराबाई कोठी राहते?" किराणावाला म्हणाला, "कचरा टाकाची जागा तिकडं आहे आजी." एका बाईने आडनाव विचारलं. आईंना तुमचं सासरचं आडनाव ऐन वेळी आठवेना. कोणी ओळखेना. फकिराकाका म्हणाले, "म्या तिले म्हनलं, मैनाबाई, साधना मास्तरीन म्हन ना, कोनीबी घर दाखवंन. तं म्हने, माह्या तोंडातून निघत नाई. मलेबी इचारू देल्लं नाई."

शेवटी नुसतं "मास्तरीण" म्हणून विचारलं, तेव्हा कोणीतरी सांगितलं की मास्तरणी सगळ्या शाळेत असतात. आई शाळेसमोरच्या रस्त्यावर पुलाच्या कठड्यावर जाऊन बसल्या. शाळा सुटली. तुम्ही बाहेर आलात. निळं पातळ होतं म्हणे, आणि पोरींचा घोळका तुमच्याभोवती. बाई, बाई करत एकीने तुमची पिशवी धरली होती. तुम्ही त्यांच्याशी हसत बोलत आईंच्या समोरून गेलात.

आई उठल्या नाहीत.

फकिराकाका म्हणाले, "बलाव ना वं." तर काय म्हणाल्या ठाऊक आहे? "तिच्या शाळेच्या पोरीसमोर तिले कचरा म्हनून कशी बलावू? अन दुसरं मले येत नाई."

दोघं तसेच बसस्टँडवर आले.

मला रागाने काय करावं कळेना. एवढ्या लांब जाऊन, लेक डोळ्यांनी बघून, परत! मी आईंना म्हटलं, "साधना म्हणायला काय जड जातं हो? साखर म्हणता, सावित्री म्हणता, साधना काहून नाही?" त्या पोरीचे तळवे चोळू लागल्या. मग म्हणाल्या, "तिच्या आंधी दोघं गेले माहे. एकाचं नाव राजाराम होतं, एकाचं गुलाब. साऱ्यायनं म्हनलं, काय गोड नावं ठेवली मैनानं. ते गेले. मंग हे झाली. उकिरड्यावर ठेवली, कचरा म्हनलं. लोक हासले. पन हे जगली. आता ते नाव सोडून दिलं, अन काही झालं तं?"

मी म्हटलं, "आई, ती आता तीस वर्षांची बाई आहे."

"मंग काय झालं?" म्हणाल्या. "माही नाई का?"

याचं उत्तर तुम्हीच सांगा. पत्र लिहा, पण या वेळी नाव नका पाठवू.

सरिता


भरवेली
१५ जानेवारी १९६५

साधनाबाई,

तुमचं कार्ड आलं. एवढं सगळं मी लिहिलं आणि तुमचं उत्तर एका ओळीचं : "आईला सांगा, साधनाचं घर इथे कोणीही दाखवतं."

बस? संपलं?

दोघी मायलेकी एका मापाच्या. ती म्हणते, माझ्या तोंडातून निघत नाही. तुम्ही म्हणता, निघाल्याशिवाय मी येत नाही. आणि मधे मी उभी, पोर काखेत, हातात तुमचं कार्ड. ते कार्ड मी आईंना वाचून दाखवलं नाही. सांगितलं, बाई बऱ्या आहेत, आठवण काढतात. माझ्या अंगावर खोटं आलं ते तुमच्यामुळे.

आता एक गोष्ट ऐका. आजपर्यंत मी थट्टेवारी नेत होते, ळ नको, तंबू नको म्हणत होते. खरं कारण ते नाही.

दोन वर्षांपूर्वी मला मुलगा झाला होता. तुम्हाला कळलं होतं, तुम्ही पत्र पाठवलंत, मी ते वाचलं नव्हतं. तेव्हाही नाव ठेवायचं राहिलं होतं. आई म्हणत होत्या, आत्या आल्याबिगर बारसं नाही. तुमचे भाऊ म्हणत होते, येईल, येईल, राग उतरेल. वाट बघता बघता तापात लेकरू गेलं. घाटावर डोमाजींनी खड्डा खणला आणि विचारलं, "लेकराचं नाव काय होतं, बापू?" ते विचारणारच, चांगला माणूस आहे, नाव घेऊन माती टाकतो. तुमचे भाऊ नुसते उभे राहिले. घरी आले आणि मला म्हणाले, "सरिता, त्यानं नाव विचारलं." एवढंच. "दोन्ही नावं चालतात" म्हणणारा तो माणूस हाच.

म्हणून मला नाव पाहिजे बाई. आई चांगल्या नावाला भितात आणि मी नाव नसण्याला भिते. रात्री पोरीला ताप आला की मी तिच्या कानात काहीबाही नावं सांगते, एखादं तरी तिचं असावं म्हणून. हे आईंना माहीत नाही, तुमच्या भावाला माहीत नाही.

हे लिहिताना पोरगी शाईच्या दौतीला हात घालते आहे.

आता माझं ऐका. सात फेब्रुवारीला रविवार आहे. शाळेला सुट्टी असते, ते कारण सांगू नका. त्या दिवशी बारसं आहे. शेजारणींना सांगून झालं आहे, पेढेही सांगितले. तुम्ही आलात तर नाव तुमचं. नाही आलात तर फेका हेच नाव पक्कं. शाळेत तेच लिहीन. मोठी होऊन तिने विचारलं की आई, असं नाव काहून ठेवलं, तर तिला तुमसरचा तुमचा पत्ता देईन. मग तिला तुम्ही समजावा.

हेच पत्र मी आईंना वाचून दाखवणार आहे. घाटाची गोष्टही. एकीला सांगायचं आणि एकीपासून लपवायचं, याचा मला कंटाळा आला आहे.

सरिता


भरवेली
१२ फेब्रुवारी १९६५

साधनाबाई,

आलात, नाव ठेवलंत, पाठीवर शेजारणींचे धपाटे खाल्लेत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने निघून गेलात. शाळा, शाळा! धड बोलणंही झालं नाही. म्हणून लिहिते.

आधी नावाबद्दल. मुदिता. तुम्ही पोरीच्या कानात सांगितलंत आणि मग मोठ्याने म्हणालात, तेव्हा मी मनात सगळीकडून तपासलं. ळ नाही. हिंदीत तेच, मराठीत तेच. कोणी छोटं करून मुदी म्हटलं तरी अंगठीच झाली, वाईट काही नाही. दुसऱ्याचा आनंद बघून होणारा आनंद, हा अर्थ तुम्ही सांगितलात तेव्हा विमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना अर्थ कळला की धपाटे मारून हात दुखला, ते मात्र मला सांगता येणार नाही. माझी तक्रार एवढीच की इतकं सरळ नाव तुम्हाला येत होतं, तर आधी पटाचारा काहून पाठवलंत?

तुमचे भाऊ दोन दिवस "मुदिका" म्हणत होते. काल ऑफिसातून आले आणि दारातूनच "मुदिता" म्हणून हाक मारली. पोरगी वळली. ते चप्पल न काढता तिथेच बसले आणि पुन्हा पुन्हा हाक मारत राहिले. शेवटी ती कंटाळून रडायला लागली. मी ओरडले त्यांच्यावर.

आई अजून कधीकधी फेका म्हणतात. विसरून म्हणतात की मुद्दाम, कळत नाही. म्हटल्यावर माझ्याकडे बघतात. मी ऐकलं नाही असं दाखवते. आजी आहे, तिने एक नाव आपल्यापुरतं ठेवलं तर ठेवू दे. शाळेत मात्र मुदिता.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. तुम्ही निघताना चुलीजवळ मला म्हणालात, "सरिता, आईले तू शिकवलं ना? इतके दिवस घोकून घेतलं असशीन." तुम्ही बसमधून उतरल्या उतरल्या आईंनी तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारली, ती माझी शिकवणी असं तुम्हाला वाटलं. तुम्ही हसत होतात, पण डोळ्यांत शंका होती. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. मी शिकवलं नव्हतं. पत्र वाचून दाखवल्यापासून त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या. बारशाच्या सकाळी तर आम्ही त्यांना शोधत होतो. पाव्हण्यांचा चहा कोण करणार म्हणून मी चिडले होते. दुपारी त्या तुम्हाला घेऊनच आल्या, मला वाटलं जाता जाता भेट झाली असेल.

काल बसथांब्यावरचा सुखराम चहावाला भेटला. "भाभी, आपकी सास ने मुझे इतवार को बड़ा परेशान किया," म्हणाला.

पहिली गाडी यायच्या आधीपासून आई त्याच्या बाकावर बसल्या होत्या म्हणे. प्रत्येक गाडीला उठून दारापाशी जायच्या, सगळी माणसं उतरेपर्यंत बघायच्या, पुन्हा येऊन बसायच्या. त्याने चहा दिला तर नको म्हणाल्या. ओठ हलत होते. त्याला वाटलं म्हातारी बुद्धवंदना म्हणत असेल. गिऱ्हाईक कमी झालं तसा तो जवळ जाऊन ऐकू लागला. त्या एकच शब्द घोकत होत्या. आधी "सादना" म्हणायच्या, मग थांबून, जीभ सावरून, "साधना". पुन्हा सादना, पुन्हा साधना. एकदा बरोबर आला की मान हलवायच्या आणि परत सुरू.

दुपार झाली. सुखरामने विचारलं, "अम्मा, आ कौन रहा है?"

आई उठून उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्याला म्हणाल्या, "मेरी बड़ी बेटी. साधना. तुमसर में मास्टरनी है."

तो म्हणतो, सांगताना इतक्या जोरात बोलल्या की थांब्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

हे आईंनी तुम्हाला सांगितलं नसणार. मला तर नाहीच सांगितलं. म्हणून लिहिलं.

पोरीची मालिश करायची आहे, आई हाका मारताहेत.

सरिता